वाचनाला कोण उभं राहणार?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर पुढच्या कार्यक्रमांची यादी लागली आहे. १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, ८ सप्टेंबर, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, नाताळ. बाईंचं अक्षर वळणदार आहे आणि तारखा पिवळ्या खडूने लिहिल्या आहेत. मुलीला आणायला गेले की मी यादीपाशी थांबते आणि माझ्या मनात प्रत्येक तारखेपुढे एकच प्रश्न येतो: या दिवशी वाचायला कोण उभं राहणार?

आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यात आहे. केळीच्या वाड्या, सोनचाफ्याची झाडं, अजून न बुजलेलं एखादं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, आणि या सगळ्याच्या मधोमध चर्च. चर्चच्या आवारातच पहिली ते चौथीची मराठी शाळा. वसई धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग) १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, पण शाळा त्याच्या कितीतरी आधीची. माझी आई तिथे शिकली, मी शिकले आणि माझी मुलगी आता तिसरीत आहे. इमारत धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाची. बाईंचे पगार शासनाकडून येतात. तांदूळही शासनाचा, त्याची खिचडी मागच्या शेडमध्ये शिजते आणि दुपारी अकराच्या सुमारास फोडणीचा वास थेट चर्चच्या दारापर्यंत जातो. शाळेचे कागद पूर्वी ठाण्याला जायचे, २०१४ साली जिल्हा वेगळा झाल्यापासून पालघरला जातात. वर्षाची आखणीही अशीच दोन ठिकाणांहून ठरते. काही दिवस शिक्षण खात्याच्या परिपत्रकातून येतात, काही चर्चच्या उपासनेतून, आणि मुलांना त्यातला फरक जाणवतही नाही.

१५ ऑगस्टला तर दोन्ही एकाच सकाळी येतात. येशूची आई पवित्र मारिया हिच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला स्वर्गात घेतलं गेल्याचा सण, आणि स्वातंत्र्यदिन. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की लोक घरी जात नाहीत, बाजूच्या दारातून सरळ शाळेच्या मैदानात उतरतात. लाल लुगड्यातल्या आज्या, दादरच्या बाजारातून फुलं देऊन पहाटेच परतलेले वाडीवाले, कडेवर मूल आणि हातात छत्री घेतलेल्या आया. पुढे गणवेशातल्या मुलांच्या ओळी. मैदानात चिखल असतोच, म्हणून आदल्या संध्याकाळी गावातली तरुण मुलं झेंड्याभोवती रेती टाकतात आणि दोरी ओढून बघतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या देशातच स्वातंत्र्यदिन असा साजरा होतो: आधी घंटा, मग मिस्सा, मग झेंडा. शहरात कॉलेजला गेल्यावर कळलं की हे आमचंच वैशिष्ट्य आहे. त्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

त्या सकाळी दोन वाचनं होतात. पहिलं वेदीपाशी. सणाचं पहिलं वाचन बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं असतं: सूर्य पांघरलेली स्त्री, तिच्या पायाखाली चंद्र आणि मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट. आमच्याकडे हे वाचन चौथीतलं मूल करतं. पायाखाली पाट ठेवावा लागतो, नाहीतर मागच्या बाकांना आवाज ऐकू येतो आणि चेहरा दिसत नाही. दुसरं वाचन अर्ध्या तासाने झेंड्याखाली, संविधानाच्या उद्देशिकेचं. सार्वभौम, समाजवादी, धर्मनिरपेक्ष, लोकशाही गणराज्य. नऊ वर्षांच्या मुलाने हे शब्द न अडखळता म्हणायचे, तेही पावसाच्या भुरभुरीत आणि सगळं गाव समोर असताना, ही लहान गोष्ट नाही. बाई महिनाभर आधीपासून जोडाक्षरं घोटून घेतात. शब्द आधी फोडायचा, मग जोडायचा, मग एका श्वासात म्हणायचा. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नावांसाठीही हाच मार्ग. ज्याला नबुखद्नेस्सर आणि थेस्सलनीकाकर म्हणता आलं, त्याला पुढच्या आयुष्यात मराठीतला कुठलाच शब्द अवघड जात नाही, असं आमच्या निवृत्त मोठ्या बाई म्हणायच्या. मी त्याचा पुरावाच आहे. वीस वर्षं कोर्टातल्या कागदांचं टंकलेखन करते आहे आणि एकही शब्द मला घाबरवू शकलेला नाही.

या वाचनाचं मोल मला माझ्या आजीमुळे कळलं. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. तिला कितीतरी लॅटिन प्रार्थना सुरावर पाठ होत्या, पण अर्थ माहीत नव्हता. घरी आम्ही सामवेदी बोलतो, तिला कादोडीही म्हणतात. त्यामुळे आजीचा देव एका भाषेत होता, घर दुसऱ्या भाषेत, आणि कागदपत्रं तिसऱ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना जागा दिली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वेदीवर मराठी आली. फादरांना मराठीत मिस्सा अर्पण करता येऊ लागली, पण पवित्र शास्त्रातलं वाचन लोकांपैकी कुणीतरी करायचं होतं. कोण करणार? जे शाळेत गेले होते ते. माझी आई तेव्हा शाळकरी होती. रविवारच्या मिस्सेत ती पहिल्यांदा वाचायला उभी राहिली, तेव्हा आजी पुढच्या बाकावर बसून ऐकत होती. आयुष्यभर जे गुणगुणलं त्याचा अर्थ स्वतःच्या मुलीच्या तोंडून समजला, असं ती आम्हा नातवंडांना सांगायची. सांगताना दर वेळी तिचा गळा भरून यायचा.

धर्मग्रामाला शाळा का लागते, या प्रश्नावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. संस्कार, शिस्त, सेवा हे सगळं खरंच आहे. पण आमच्या गावापुरतं मला दिसतं ते अगदी साधं आहे. आमची उपासना मराठीत टिकली, कारण आवारात मराठी वाचायला शिकवणारी शाळा होती. चर्चमधली गायनाची वही, लग्नाच्या पत्रिकेवरचं वचन, मयताच्या प्रार्थना, 'सुवार्ता' मासिकाचे वाचक, पतपेढीचे अहवाल लिहिणारे सचिव, गावाच्या हिरवाईसाठी मोर्चे निघाले तेव्हा निवेदनं लिहिणारे हात, हे सगळं या चार वर्गांतून बाहेर पडलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या मराठी शाळेत शिकले. त्या बातमीच्या दिवशी आमच्या शाळेत परिपाठाला टाळ्या वाजल्या होत्या. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले, तेव्हा त्याच परिपाठात मुलं दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली.

आणि आता पट उतरतो आहे. कुणी काही लपवण्यासारखं नाही, व्हरांड्यातून वर्गात नजर टाकली की रिकामे बाक दिसतात. गावातली बहुतेक कॅथलिक मुलं सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमात जातात. मी त्यांच्या आईबापांना नावं ठेवणार नाही. वाडी विकून किंवा कर्ज काढून मुलांना परदेशी नोकरीपर्यंत पोचवायचं असेल तर इंग्रजी हवी, हा हिशोब खोटा नाही. पण रविवारी त्याच मुलांना मराठी वाचन दिलं की कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून आणावं लागतं. त्यांचे उच्चार सुंदर असतात आणि अर्थ हाताला लागत नाही. आजीच्या लॅटिनकडे आपण दुसऱ्या वाटेने परत चाललो आहोत. हे मी धर्मग्रामाच्या सभेत उभं राहून बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

रिकाम्या बाकांवर आता कोण बसतं, ही मात्र आनंदाची गोष्ट आहे. वाड्यांवर कामाला असलेल्या वारली कुटुंबांची मुलं. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या गवंडी-सुतारांची मुलं. आमच्यासारखी काही कॅथलिक घरं, जी हट्टाने राहिली आहेत. एकाच्या घरी वारली, दुसऱ्याच्या घरी भोजपुरी, तिसऱ्याच्या घरी कादोडी. पाठ्यपुस्तकातली मराठी यातल्या कुणाच्याच घरची नाही, ती सगळ्यांनी शाळेत येऊनच शिकायची. त्यामुळे वर्गात कुणी आधीपासून पुढे नसतं. पहिलीच्या वर्गात दोन दिवस मागे बसून मी हे बघितलं आहे. 'आहे' आणि 'आहेत' चुकणारी सगळीच मुलं होती, हसणारं कुणी नव्हतं.

शाळा कॅथलिक आणि मुलं सगळ्यांची, हे कसं जमतं असं बाहेरचे लोक विचारतात. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. २८ व्या अनुच्छेदाने हेही सांगितलं की सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. मला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी असणं फार सुंदर वाटतं. प्रत्यक्षात त्याचं रूप असं दिसतं: तासाची घंटा होते, कॅथलिक मुलं सिस्टरांसोबत एका वर्गात धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची बाईंजवळ मूल्यशिक्षणाला थांबतात. दोन्ही वर्गांच्या मधली भिंत अर्धीच आहे. त्या आठवड्यात भल्या शोमरोन्याची, म्हणजे जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची, येशूने सांगितलेली गोष्ट चालू असेल तर ती दोन्हीकडे ऐकू येते आणि खिचडीच्या रांगेत तिच्यावर चर्चा होते.

५ सप्टेंबरला शिक्षकदिन. त्या दिवशी मदर तेरेसांचाही स्मरणदिन असतो, १९९७ साली त्या याच तारखेला गेल्या. चौथीतली मुलं साड्या नेसून, चष्मे लावून पहिलीला शिकवतात आणि पहिलीची मुलं त्यांचं काही ऐकत नाहीत.

८ सप्टेंबर मात्र वेगळा. पवित्र मारियेचा जन्मोत्सव. त्याच्या आधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते आणि रोज मुलं फुलं घेऊन येतात. वसईतल्या मुलाला फुलं विकत घ्यावी लागत नाहीत, हे या सणाचं अर्धं वैभव आहे. वाडीतून येताना ओंजळ भरते. सोनचाफा महाग म्हणून दोनच, पण तगर, जास्वंद, गावठी गुलाब, कुंपणावरची रानफुलंसुद्धा. तान्ह्या मारियेची मूर्ती पाळण्यात असते. एकेक मूल पुढे जातं, फुलं वाहतं आणि मागे फिरतं. नवव्या दिवसापर्यंत पाळणा दिसेनासा होतो. याच दिवसांत बांद्र्याच्या डोंगरावरच्या जत्रेचे वेध लागलेले असतात, सणानंतरच्या रविवारी ती भरते, आणि गावातून गाड्या ठरतात. पण मला आमच्या शाळेतली ही ओळच जास्त प्रिय आहे. वारली आयाही मुलांच्या हातात फुलं देऊन पाठवतात. संमती मागायला बाई एका घरी गेल्या तेव्हा ती आई म्हणाली, "बाळाचा वाढदिवस आहे ना, मग विचारता काय?"

ऑक्टोबर-नोव्हेंबर भराभर जातो. ऑक्टोबर जपमाळेचा महिना, म्हणून घंटेआधी जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना. सहामाही पेपर. दिवाळीला शाळेच्या पायरीवर कंदील. नोव्हेंबरच्या २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत कबरी धुवायला मोठ्यांबरोबर शाळेची मुलंही येतात, आणि मग एकदम आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे.

नाताळचं नाटक हा आमच्या शाळेचा खरा उत्सव. गोठा मुलं बांधतात. भाताचा पेंढा वाड्यांमधून येतो, हिरवळीसाठी परातीत गहू पेरतात आणि दर सकाळी किती वर आला ते पट्टीने मोजतात. गणिताच्या वहीत त्याचा तक्ता असतो. पोशाख घराघरांतून जमतात. योसेफाला कुणाच्या तरी आजोबांची लुंगी, राजांना लग्नातले शेले, मेंढपाळांना खांद्यावर टॉवेल. गेल्या वर्षी मेंढपाळाचं काम केलेल्या वारली मुलाच्या घरी खरोखरच शेळ्या आहेत. तालमीत बाकीचे मेंढपाळ बाहुलीसारखं कापडी कोकरू हातात धरून उभे होते. हा म्हणाला, असं नाही धरत. पुढचे पाय असे, मागचे असे, आणि डोकं खांद्यावर. मग त्याने सगळ्यांना शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी तो घरचं करडू घेऊन आला. ते मंचावर एकदाही ओरडलं नाही, त्याच्या मानेत तोंड खुपसून बसलं होतं. मी आजवर पुष्कळ नाताळ-नाटकं बघितली, पण लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या मेंढपाळांना रात्रभर जागून राखणीचं काम होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

यंदाच्या नाताळासाठी शिवणकामाला दोन बायका हव्या आहेत आणि फराळासाठी नेवऱ्या-कुलकुलं लाटायला जमतील तेवढ्या. आदल्या वर्षी शंभर पुड्या कमी पडल्या होत्या, कारण पालक शेजाऱ्यांना घेऊन आले. कमी पडणं चांगलं. फक्त पीठ जास्त मळू या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला संत गोन्सालो गार्सियांचं स्मरण. वसईत जन्मलेला हा मुलगा ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मेला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. दर वर्षी तिसरीची मुलं नकाशावर वसई ते नागासाकी बोट फिरवतात. इतक्या लहान गावातून इतक्या दूर कसं जाता आलं, असा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि बाई गलबतांचं चित्र काढतात. मग राखेचा बुधवार, त्यापासून सुरू होणारा ईस्टरआधीचा उपवासकाळ, पुठ्ठ्याच्या डब्यांत जमणारी नाणी.

उन्हाळ्यात माझ्या मुलीचं प्रथम ख्रिस्तशरीर आहे, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद ती पहिल्यांदा घेणार. पोप दहाव्या पायसनी ऑगस्ट १९१० मध्ये या संस्काराचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. त्याआधी मुलांना कितीतरी वर्षं थांबावं लागे. त्या निर्णयामुळे हा संस्कार प्राथमिक शाळेच्या वयात आला, आणि आमच्याकडे तयारीही शाळेतच होते. पांढरा झगा अजून शिवायचा आहे, पण तिने वाचन आधीच मागून घेतलं आहे. घरी ती सध्या जे दिसेल ते मोठ्याने वाचते. खताच्या गोणीवरचं, विजेच्या बिलावरचं, देवळाच्या कमानीवरचं. रस्त्याने जाताना मला वेग कमी करावा लागतो.

त्याच सुमारास पटनोंदणी असते. बाई उन्हातान्हात घरोघर फिरतात, सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं लिहितात आणि बऱ्याच दारांतून पाणी पिऊन परत येतात. यंदा त्या एकट्या जाणार नाहीत. आम्ही पाच आया त्यांच्याबरोबर निघणार, आळी वाटून घेतल्या आहेत. माझ्या वाट्याला आमचीच आळी आणि तलावाकडच्या भाड्याच्या खोल्या आल्या. आळीत तीन मुलं पहिलीत जायची आहेत, तिघंही कॅथलिक, आणि तिघांच्या आया माझ्याबरोबर शाळेत होत्या. त्यांना मी भाषण देणार नाही. मुलीला सोबत नेणार आहे. घरात जे छापील असेल ते तिच्या हातात द्या, वर्तमानपत्र, 'सुवार्ता', औषधाच्या बाटलीवरचा कागद, ती वाचून दाखवेल. सेमी इंग्रजीचं गणिताचं पुस्तकही पिशवीत असेल, कारण तो प्रश्न पहिला येणार. बसचं भाडं आणि फीचा हिशोब करायला वहीही घेते. दोन रविवार मिस्सेनंतर जमून आम्ही यादी पक्की करणार आहोत. ज्यांना आणखी घरं घ्यायची असतील, त्यांनी व्हरांड्यातल्या फळ्याखाली खडूने आपलं नाव लिहून ठेवावं.